उन्हाळ्यात टेली लेन्सचे फोटो सॉफ्ट येतात? आधी हवा तपासा, लेन्स नंतर

हिवाळाभर ज्या टेली लेन्सने, म्हणजे दूरचं जवळ दाखवणाऱ्या लांब लेन्सने, पक्ष्याच्या पापणीपर्यंत सगळं लख्ख दाखवलं, तीच लेन्स उन्हाळा लागला की फोकस धरत नाही. पक्षी तोच, कॅमेरा तोच, सेटिंग तेच. मागच्या छोट्या स्क्रीनवर फोटो बरा वाटतो, पण घरी येऊन शंभर टक्के झूम केलं की पिसांच्या जागी ओल्या रंगावरून बोट फिरवल्यासारखं काहीतरी दिसतं. पुढे गारवा आला की तक्रार आपोआप मिटते, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा दारात हजर.

हा त्रास मी सलग तीन उन्हाळे काढला. पहिल्या वर्षी वाटलं हात हलतोय, म्हणून ट्रायपॉड घेतला. दुसऱ्या वर्षी लेन्स दुरुस्तीला दिली, ती ‘काही दोष नाही’ म्हणून परत आली, आणि तो निर्वाळा बरोबर होता. तिसऱ्या वर्षी मी स्वतःच कॅमेऱ्याच्या मेन्यूत शिरून फोकसची मायक्रो ॲडजस्टमेंट केली, म्हणजे ऑटोफोकस किंचित पुढेमागे सरकवणारा आकडा बदलला. भर दुपारी, तापलेल्या गच्चीवर, साठ पावलांवर लावलेल्या छापील कागदावर. आकडा उणे सातवर नेल्यावर बरं वाटलं. मग हिवाळ्यात जवळजवळ प्रत्येक फोटोत डोळ्याऐवजी चोचीचं टोक फोकसमध्ये येऊ लागलं, तेव्हा कळलं की मी लेन्सचा दोष काढलाच नव्हता, दुपारच्या हवेचा हिशेब कॅमेऱ्यात भरून ठेवला होता. आकडा शून्यावर आणला आणि लेन्स पूर्ववत झाली.

दुखणं हवेचं आहे. लांब लेन्स आणि लांबचा विषय असेल तर उन्हाळ्यातल्या बहुतेक सॉफ्ट फोटोंमागे तापलेल्या हवेची थरथर असते, हे मी आता खात्रीने सांगते. पण ‘बहुतेक’ म्हणजे ‘सगळे’ नव्हे. म्हणून आधी निदान, मग उपाय.

फोटोच सांगतो काय बिघडलंय

संशय असलेले आठ-दहा फोटो उघडा आणि शंभर टक्क्यांवर शांतपणे बघा.

सगळ्या कडा एकाच दिशेने ओढल्यासारख्या दिसत असतील, पाण्यावरच्या चमकत्या ठिपक्यांच्या छोट्या रेघा झाल्या असतील, तर कॅमेरा हलला. शटर स्पीड वाढवा. ६०० मिमीच्या लेन्सला किमान १/६०० सेकंद, आणि क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) असेल तर १/९०० च्या पुढे, हा जुना नियम सुरुवातीला पुरेसा आहे. पक्षी सॉफ्ट, पण त्याच्या पुढचं किंवा मागचं गवत स्वच्छ दिसत असेल, तर फोकस चुकला. पाय आणि फांदी शार्प, फक्त पंख किंवा डोकं पुसट असेल, तर विषय हलला. उन्हाळ्यात यातला एक प्रकार मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. बगळे, पाणकावळे, होले उकाड्यात चोच उघडी ठेवून गळ्याची कातडी फार वेगाने थरथरवतात, शरीरातली उष्णता बाहेर टाकायची ती त्यांची रीत. अशा फोटोत डोळा काटेकोर शार्प आणि गळा मात्र धुरकट येतो. तो दोष नाही, तसाच राहू द्या.

हवेची थरथर या सगळ्यांहून वेगळी दिसते. फ्रेममध्ये कुठेच काही शार्प नसतं, पुढचं गवत नाही, पक्षी नाही, मागचा दगडही नाही. जी कड नितळ असायला हवी तिथे दोन-तीन पातळ कडा एकमेकींवर सरकल्यासारख्या दिसतात. बगळ्याचा सरळ पाय पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा किंचित नागमोडी होतो. सगळ्यात पक्की खूण पार्श्वभूमीत मिळते. एरवी मऊ, एकसंध विरघळणारी मागची झाडी खरखरीत, रेघारेघांची, अस्वस्थ दिसू लागते. ही खूण ओळखायला शिकलात तर निम्मं काम झालं, कारण हललेल्या हाताने किंवा चुकलेल्या फोकसने पार्श्वभूमीचा असा चोळामोळा होत नाही.

एक फरक आणखी. दूरचं सगळं फिकं, दुधाळ, रंग उडालेलं दिसत असेल तर तो धूसरपणा: धूळ आणि आर्द्रतेने प्रकाश विखुरतो. त्याला कॉन्ट्रास्ट वाढवून, काही वेळा पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावून बरंच सावरता येतं. थरथरीने कडा विस्कटतात, आणि त्या कॉन्ट्रास्टने परत येत नाहीत. दोन्ही एकत्र येतात म्हणून गोंधळ होतो.

पाच मिनिटांची चाचणी

कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा भक्कम भिंतीवर ठेवा. बारीक अक्षरं छापलेला एखादा खोका आठ मीटरवर, सावलीत ठेवा. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर थेट दिसणारं चित्र) चालू करून अक्षरांवर दहापट झूम करा, हाताने फोकस लावा, दोन सेकंदांच्या टायमरने दहा फोटो घ्या. मग तोच खोका साठ मीटरवर उन्हात ठेवा आणि तेच पुन्हा करा.

दुसऱ्या वेळी फोटो घेण्याआधी अर्धा मिनिट नुसतं स्क्रीनकडे बघत राहा. अक्षरं पोहताना दिसली, ‘म’ची उभी रेघ कधी डावीकडे वाकली, कधी दोन झाल्या, कधी क्षणभर स्वच्छ होऊन परत विरघळली, तर निदान झालं. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा बराच वेळ जागची हलले नाही. तीन वर्षं जे लेन्समध्ये शोधत होते ते डोळ्यांसमोर वाहत होतं.

दहा फोटो एकमेकांशी ताडून बघा. प्रत्येकातली खराबी वेगळी असेल, तर हवा. दहाच्या दहा सारखेच आणि सारख्याच जागी सॉफ्ट असतील, आणि आठ मीटरवरचेही तसेच असतील, तर लेन्स किंवा पुढचा फिल्टर. फिल्टर काढून एकदा पुन्हा बघा. स्वस्तातला संरक्षक काचेचा फिल्टर छोट्या लेन्सवर खपून जातो, पण ६०० मिमीपुढे तो चांगल्या लेन्सची धार घालवतो.

ही चाचणी दुपारी केलीत तर त्याच जागी, त्याच अंतरावर दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर लगेच एकदा करा. दोन्ही संच शेजारी ठेवून बघितले की कुणी वेगळं पटवून द्यायची गरज उरत नाही.

असं होतं तरी का

काचेतून जाताना प्रकाश वाकतो हे आपण जाणतो. हवेतही वाकतो, फक्त फार कमी. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा, साधारण १.०००३ असतो आणि तो हवेच्या घनतेवर अवलंबून असतो. हवा तापली की विरळ होते, प्रत्येक अंश सेल्सिअसमागे हा आकडा साधारण दशलक्षांशाने उतरतो. आकडा क्षुल्लक वाटेल, पण तापलेल्या जमिनीवरची हवा एकसारखी गरम नसते. गरम हवेचे बुडबुडे वर उठतात, त्यांच्या जागी थंड हवा घुसते, आणि आपला प्रकाश अशा शेकडो हलत्या, वाकड्यातिकड्या भिंगांमधून येतो.

आता लेन्सच्या बाजूने बघा. ६०० मिमीची लेन्स आणि ४ मायक्रॉनचे पिक्सेल धरले तर शंभर मीटरवरच्या पक्ष्याचा जेमतेम दोन तृतीयांश मिलिमीटरचा तुकडा एका पिक्सेलवर पडतो. लेन्सजवळच्या हवेने किरण एका अंशाच्या हजाराव्या भागाइतका जरी वाकवला, तरी चित्र अडीच पिक्सेल सरकतं. डोळ्याला हे कळत नाही. पिसांच्या बारीक रेषा मात्र गेल्या.

तारे लुकलुकतात ते याच कारणाने. न्यूटन यांनी प्रकाशावरच्या आपल्या ग्रंथात १७०४ साली हेच लिहिलं होतं: ताऱ्यांकडे आपण ज्या हवेतून बघतो ती सतत थरथरत असते, आणि दुर्बीण कितीही चांगली बनवली तरी ही थरथर जात नाही. त्यांनी सुचवलेला उपाय होता उंच पर्वतमाथ्यावरची शांत हवा. वेधशाळा आजही डोंगरांवर बांधतात. आपल्याला पक्षी डोंगरावर नेता येत नाही, पण शांत हवा कधी आणि कुठे असते ते शोधता येतं.

लेन्सजवळची हवा सगळ्यात घातक

हा मुद्दा मला सगळ्यात उशिरा कळला आणि त्यानेच सगळ्यात जास्त फोटो वाचवले, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

एक दुधी प्लास्टिकचा तुकडा घ्या. छापील पानावर सपाट टेकवा, अक्षरं वाचता येतात. आता तो पानापासून वीतभर उचला, अक्षरं गायब. प्लास्टिक तेच, पण ते पानाजवळ असताना किरण वाकून फार लांब भरकटत नाहीत, आणि तुमच्या डोळ्याकडे सरकवत आणलं की भरकटायला पूर्ण अंतर मिळतं. हवेचंही तसंच. पक्ष्याच्या पायाशी थोडी हवा थरथरत असेल तर नुकसान कमी, तुमच्या लेन्सच्या तोंडाशी तेवढीच थरथरत असेल तर नुकसान कितीतरी जास्त.

म्हणजे पक्षी तळ्याकाठच्या गार चिखलात बसला आहे हे बघून समाधान मानू नका. तुम्ही कुठे उभे आहात ते बघा. डांबरी रस्त्यावर? डांबर भर उन्हात साठ अंशांच्या वर तापू शकतं. काँक्रीटच्या बंधाऱ्यावर? उघड्या खडकावर? पत्र्याच्या छपरामागून? दहा पावलं सरकून झाडाच्या सावलीत किंवा गवतात उभे राहा. गवतातून पाणी वाफ होऊन जात असतं, त्यामुळे ते उघड्या मातीइतकं तापत नाही. मी एकदा बंधाऱ्यावरून तासभर झगडले आणि मग केवळ ऊन असह्य झालं म्हणून खाली उतरून झाडाखाली बसले. पक्षी तेवढ्याच अंतरावर, वेळ आणखी उशिराची, आणि फोटो सुधारले. कारण मात्र मला पुढे कित्येक महिन्यांनी उमगलं.

गाडीतून फोटो घेणाऱ्यांसाठी हेच सगळ्यात मोठं संकट आहे. एसी लावून बसायचं, पक्षी दिसला की काच खाली करून लेन्स बाहेर काढायची, हा सगळ्यांचा रिवाज. त्या क्षणी आतली थंड आणि बाहेरची तापलेली हवा नेमकी लेन्सच्या तोंडाशी एकमेकींत मिसळत असते. एसी बंद, चारही काचा खाली, इंजिन बंद, आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. बॉनेटवरून कधीही फोटो घेऊ नका. इंजिन बंद केल्यावरही बॉनेट बराच वेळ धगधगत असतं. गाडी अशी लावा की विषय बाजूच्या खिडकीसमोर येईल.

तंबूसारख्या लपणातही हाच प्रकार. आत माणसाच्या अंगाची ऊब आणि कोंडलेली हवा, ती बाहेर पडते लेन्सच्याच फटीतून. लेन्सचं तोंड फटीच्या आत न ठेवता बाहेर काढा आणि मागची एक खिडकी उघडी ठेवा.

शेवटी, लेन्सचा हूड, म्हणजे तिच्या तोंडावर बसणारं ऊन अडवायचं नळकांडं. लेन्स आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात फरक असेल तर हूडच्या नळकांड्यात हवा कोंडून घुसळत राहते. गाडीतून नुकतीच काढलेली लेन्स असेल तर पहिली पंधरा मिनिटं हूड काढून ठेवते आणि तिरपं ऊन टोपीने अडवते. तापमान सारखं झालं की हूड परत. काळ्या रंगाची लेन्स उन्हात ठेवली तर तिच्या आतली हवाही तापते. मोठ्या टेली लेन्स पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या बनवतात त्यामागे हे एक कारण आहे. पक्ष्याची वाट बघताना लेन्सवर पांढरं सुती कापड टाकून ठेवा, एवढं पुरतं. आणि तापमानाने काच आणि धातू किंचित फुगतात म्हणून लांब लेन्सची फोकस रिंग अनंताच्या खुणेपुढेही थोडी फिरते. दूरच्या विषयासाठी ती शेवटपर्यंत फिरवून सोडून देऊ नका.

वेळ, अंतर, उंची

दिवसातून दोनदा जमिनीचं आणि हवेचं तापमान सारखं होतं, एकदा सूर्योदयानंतर काही वेळाने आणि एकदा सूर्यास्ताच्या आधी. तेव्हा थरथर सगळ्यात कमी. ‘सकाळचा प्रकाश चांगला’ असं सगळे म्हणतात, पण टेली लेन्सवाल्यांना सकाळची हवा प्रकाशापेक्षाही महत्त्वाची. मी उन्हाळ्यात पाळते ते असं: पंधरा मीटरच्या आतला विषय असेल तर केव्हाही, चाळीस मीटरपर्यंत सूर्योदयानंतरचे दोन तास, आणि त्यापलीकडचं काही असेल तर फक्त पहिला तास. ढग आले तर नियम शिथिल. जाड ढगाने सूर्य झाकला की काही मिनिटांत जमीन शांत होऊ लागते, म्हणून दुपारी ढग आले तर मी लगेच लांबच्या विषयाकडे वळते.

अंतर निम्मं केलंत तर मधली हवा निम्मी होते आणि पक्षी फ्रेममध्ये दुप्पट मोठा येतो, फायदा दोन्हीकडून. उलट टेलीकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारं, चित्र मोठं करणारं जोडभिंग) लावलात तर पक्षी मोठा होतो तशी थरथरही तेवढीच मोठी होते, वर १.४ पटीच्या कन्व्हर्टरला एक स्टॉप आणि दुपटीच्या कन्व्हर्टरला दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). उन्हाळी दुपारी कन्व्हर्टर बॅगेतच बरा.

उंचीबाबत एक सल्ला सगळीकडे ऐकू येतो: जमिनीवर आडवे व्हा, पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या. फोटो खरोखर सुंदर येतात, मीही तसेच घेते. पण सकाळी. ऊन चढल्यावर हवेतला सगळ्यात उग्र फरक जमिनीलगतच्या पहिल्या काही वितींत असतो, आणि आडवं होऊन आपण संपूर्ण दृष्टिरेषा नेमकी त्या थरातून नेतो. त्याच जागी उठून गुडघ्यावर बसा, नाहीतर उभेच राहा. कोन थोडा बिघडेल, पिसं मिळतील.

पाण्यावरून फोटो घेताना सकाळी फसगत होऊ शकते. रात्रभर पाणी उबदार राहिलेलं असतं आणि वरची हवा गार, त्यामुळे पहाटे पाण्यावरच थरथर असते, कधी वाफही दिसते. ऊन थोडं वर आल्यावर पाणी हवेपेक्षा गार ठरतं आणि चित्र स्थिर होतं. तळ्याकाठी पहिली काही मिनिटं फोटो खराब आले म्हणून निराश होऊ नका, थांबा.

शटर स्पीड वाढवून का भागत नाही

पहिला उपाय सगळ्यांना हाच सुचतो. १/४००० ला थरथर गोठते हे खरं, पण गोठते म्हणजे काय? त्या क्षणी चित्र जसं वाकडं होतं तसंच वाकडं गोठतं. संथ शटरला तीच वाकडी चित्रं एकमेकांवर पडून सगळं पुसट होतं. दोन्हीकडे नुकसानच.

तरीही वेगवान शटरचा एक उपयोग आहे. थरथर क्षणाक्षणाला बदलते, आणि मध्येच एखादा क्षण हवा शांत असते. लाइव्ह व्ह्यूमध्ये ‘म’ची रेघ स्वच्छ झाली होती तोच तो क्षण. आकाशनिरीक्षक ग्रहांच्या हजारो फ्रेम्स घेऊन त्यातल्या मोजक्या स्वच्छ निवडतात. आपणही बसलेल्या पक्ष्याचे एकेक न घेता दहा-पंधराच्या बर्स्टमध्ये, म्हणजे सलग झटपट, घ्या, मग थोडं थांबून पुन्हा एक बर्स्ट. त्यातला एखादा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट निघतो. यात ऑटोफोकसला दर वेळी नव्याने फोकस करू देऊ नका. पोहणाऱ्या कडांमागे तो स्वतःच पुढेमागे सरकतो आणि जो क्षण शांत होता तोही हातचा जातो. बसलेल्या विषयावर एकदा फोकस घ्या, बॅक बटणावरून (कॅमेऱ्यामागचं फोकसचं बटण) अंगठा काढा आणि मग बर्स्ट घ्या.

शार्पनिंगचं सॉफ्टवेअर हललेल्या हाताला बऱ्यापैकी सावरतं. थरथरीच्या फोटोला ते वाकड्या कडाच ठळक करून देतं. काही नवी साधनं पिसं ‘तयार’ करतात, दिसायलाही छान. पण ती पिसं त्या पक्ष्याची नसतात. पक्षी ओळखायला, नोंदीला किंवा अभ्यासाला फोटो वापरायचा असेल तर त्यापासून लांब राहा. मी लांबच राहते.

भर दुपारी काय टिपायचं

दुपार वाया जात नाही, फक्त अंतर बदलायचं. दोन मीटरच्या आत थरथर जवळजवळ नाहीच.

पाण्याकाठच्या काडीवर बसलेला चतुर घ्या. सकाळी तो आडवा, पंख पसरून बसतो. ऊन डोक्यावर येतं तसं त्याचं लांब पोट हळूहळू वर उचललं जातं, आणि टळटळीत दुपारी तो जवळजवळ शीर्षासनात असतो, टोक थेट सूर्याकडे. असं केल्याने उन्हाला त्याच्या अंगाचा कमीत कमी भाग मिळतो. हे तपासायचं असेल तर चतुराकडे नाही, त्याच्या सावलीकडे बघा. आडवा असताना काडीखाली लांब रेघ पडलेली असते, पोट उभं केलं की ती आक्रसून ठिपक्याएवढी होते. चतुर आणि त्याची ती एवढीशी सावली एकाच फ्रेममध्ये आली तर उन्हाळ्याचा याहून नेमका फोटो मला ठाऊक नाही. त्यासाठी मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स असायलाच हवी असं नाही. टेली लेन्स तिच्या किमान फोकस अंतरावर वापरली तरी चालते, आणि चतुरही बिथरत नाही. पंखांवरच्या लकाकीने हायलाइट उडतात, उजळ भाग कोरे पांढरे होतात, म्हणून एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवा. पांढऱ्या बगळ्यालाही दुपारी हेच लागू.

ओल्या चिखलावर जमणारी फुलपाखरं हा दुसरा विषय. बहुतेक नर असतात, चिखलातले क्षार शोषत असतात आणि त्यात इतके गढलेले असतात की हळू सरकलात तर हातभर अंतरावर जाता येतं. चिखल ओला असल्याने तिथली हवाही बरी असते.

सकाळी लेन्सवर बाष्प धरतं

ही तक्रार वेगळी, उपाय सोपा. बाहेर ३४ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो, २५ अंशांच्या आसपास असतो. रात्रभर एसीच्या खोलीत २२ अंशांवर राहिलेला कॅमेरा थेट बाहेर काढला की त्यावर पाणी धरणारच. पुसत बसू नका, पुन्हा धरतं. रात्रीच बॅग एसी नसलेल्या खोलीत ठेवा. तेवढं जमलं नाही तर बाहेर गेल्यावर बॅग बंद ठेवूनच पाऊण तास जाऊ द्या. लेन्स तर मुळीच बदलू नका, नाहीतर बाष्प आत सेन्सरवर बसेल.

कॅमेरा गरम होण्याबद्दल थोडक्यात: बहुतेक कॅमेऱ्यांची कामाची मर्यादा ४० अंशांपर्यंत लिहिलेली असते. लाइव्ह व्ह्यू आणि व्हिडिओ गरजेपुरतेच चालू ठेवा, बंद गाडीत कॅमेरा आणि बॅटऱ्या सोडून जाऊ नका.

जवळ जा म्हटलं, पण कुठे जायचं नाही

अंतर कमी करा, असं वर मी सांगितलं, म्हणून हे सांगणं माझ्यावरच येतं. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांना हा सल्ला लावू नका. टिटवी उन्हाळ्यात उघड्या माळावर अंडी घालते. दुपारी ती अंड्यांवर बसलेली दिसते ती ऊब द्यायला नाही, सावली द्यायला. मध्येच उठून पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटाने परत येऊन अंड्यांवर बसते, त्यांना गारवा द्यायला. आपण जवळ गेलो की ती उठते, ओरडत घिरट्या घालते, आणि आपण फोकस लावत असतो तेवढा वेळ अंडी उघड्या उन्हात तापत असतात. टिटवी डोक्यावर ओरडत फिरू लागली की फोटो सोडून ज्या वाटेने आलात त्याच वाटेने मागे फिरा, पायाखाली बघत. अंडी मातीच्या रंगाची असतात, पटकन दिसत नाहीत. आटत आलेल्या पाणवठ्यावरही तेच. पाण्याकडे येणारी वाट अडवून बसू नका. एखादा पक्षी किंवा प्राणी दूर थांबून तुमच्याकडे बघत राहिला आहे, पुढे येत नाही, असं दिसलं तर तुम्ही चुकीच्या जागी बसला आहात.

हे सगळं करूनही फोटो सॉफ्टच येत असेल तर

पहाटेची वेळ, दहा मीटरवरचा स्थिर विषय, ट्रायपॉड, फिल्टर काढलेला, तापमान सारखं झालेलं, आणि तरीही दहाच्या दहा फोटो सारखेच सॉफ्ट, तर आता लेन्स दाखवायला न्या. जाताना आठ मीटरवरच्या खोक्याचे मूळ फोटो सोबत न्या, क्रॉप केलेले किंवा सुधारलेले नकोत. हाताने फोकस केलेले दहा आणि ऑटोफोकसने घेतलेले दहा, असे दोन वेगळे संच. हातचे शार्प आणि ऑटोफोकसचे सॉफ्ट असतील तर दोष फोकसमध्ये. दोन्ही सॉफ्ट असतील तर काचेत. एकच कोपरा सॉफ्ट असेल तर आतलं एखादं भिंग कललेलं असू शकतं, आणि लेन्स कधी पडली होती का हे नक्की विचारतील, तेव्हा खरं सांगा. मायक्रो ॲडजस्टमेंट केली असेल तर देण्याआधी शून्यावर आणा आणि तुम्ही ठेवलेला आकडा कागदावर लिहून द्या.